धापा टाकणाऱ्यांचं पान

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला त्यावरून लाजवायला नको. मी मॉनिटर आहे. म्हणजे कॉम्प्युटरचं तोंड. डोकं वेगळं असतं, ते टेबलाखाली डब्यात घरघरत बसतं. पण लोक बघतात माझ्याकडे, चिडतात माझ्यावर, आणि डोक्यानं काही घोळ घातला की थोबाडीत बसते तीही मलाच. आता माझा उजेड मंदावलाय. पांढरा रंग माझ्यावर पिवळट दिसतो, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा. तरी अजून चालू आहे, आणि चालू आहे तोवर बोलणार.

मला एका पानाबद्दल बोलायचं आहे. आमच्यावर उघडतं ते पान, वेबपेज. ते बनवताना एका मुलीचं काम जायची वेळ आली होती, आणि एका म्हाताऱ्याचा श्वास त्या पानात अडकला होता. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही, पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायका ओळीनं बसायच्या. एकीनं माझी काच बसवली, दुसरीनं मागचं झाकण आवळलं, तिसरीनं मला पहिल्यांदा वीज दिली. मी डोळे उघडले तर समोर तिचा चेहरा. तिनं मला लाल केलं, हिरवं केलं, निळं केलं. मग पूर्ण काळं केलं, आणि त्या काळ्यात स्वतःकडे बघून कपाळावरचे केस नीट केले. झाली माझी परीक्षा. "चांगला आहे," ती म्हणाली आणि मला थर्माकोलमध्ये कोंबून खोक्यात घातलं. माझं पहिलं कौतुक ते. पुढे फारशी झाली नाहीत, म्हणून लक्षात आहे.

खोकं उघडलं ते एका ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. तिथे दुकानांची, दवाखान्यांची, कारखान्यांची वेबपेजेस बनवायचे. मला थेट साहेबांच्या टेबलावर मांडलं. त्या काळी ऑफिसातला सगळ्यात मोठा पडदा मी होतो. कोणी पाहुणा आला की साहेब माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "या पडद्यावर बघा, रंग कसे खुलतात!" रोज सकाळी मऊ कपड्यानं मला पुसत. मला वाटायचं, रंग माझ्यामुळेच खुलतात. नंतर कळलं, पुसणारा हात असला की कोणावरही खुलतात.

मग एक दिवस माझ्यापेक्षा रुंद, माझ्यापेक्षा सडपातळ असा एक पडदा आला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. मला उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं. जिन्याच्या दाराला लागून ते टेबल. पंख्याचा वारा तिथे पोचायचा नाही आणि येणारा-जाणारा धक्का मारून जायचा. त्यानंतर मला कोणी पुसलं नाही. एकदा कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसलं, ते न पुसल्यापेक्षा वाईट. मित्रांनो, मॉनिटर कधी ओल्या फडक्यानं पुसू नका. डोळ्यात पाणी जातं आमच्या.

त्या टेबलावर एक नवीन मुलगी बसायला लागली. ती कुठल्या कॉलेजात हे काम शिकली नव्हती. घरी बसून, दुसऱ्यांची पानं तोडून जोडून शिकली होती. ऑफिसात तिचं नाव पडलं खोडरबर. कारण ती एक पान मांडायची, मागे सरकून बघायची, आणि सगळं खोडायची. पुन्हा मांडायची, पुन्हा खोडायची. दिवसाच्या शेवटी माझ्यावर नुसता पांढरा चौकोन उरायचा आणि त्याच्यासमोर तिचा पांढरा पडलेला चेहरा.

शेजारच्या टेबलावर एक डिझायनर होता. त्याला सगळे झकास म्हणायचे, कारण तो सगळ्यालाच झकास म्हणायचा. तो खुर्ची वळवून डोकवायचा.

"काय खोडरबर, आज काय पुसलंस?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. म्हटलं, पुसून पुसून मॉनिटरला भोक पाडशील."

साहेबांची एक पद्धत होती. कुठल्याशा शिबिराला जाऊन ते ती घेऊन आले होते आणि तिचा रंगीत तक्ता भिंतीवर लावला होता. आधी दुसऱ्यांची सुंदर पानं गोळा करायची. त्यातून एक साचा निवडायचा. मग रंग ठरवायचे. मग मोठा फोटो. आणि सगळ्यात शेवटी मजकूर भरायचा. शेवटी! म्हणजे टोपी शिवून झाली, आता कोणाचं डोकं बसतं ते बघू. पण ऑफिसात कोणी चकार शब्द काढला नाही. तक्त्याप्रमाणे पानं भराभरा निघायची आणि सगळी एकाच आईची लेकरं दिसायची. झकासची पानं तर आदल्या पानाची इस्त्री करून आणल्यासारखी.

हिला ते जमेना. असं नाही की तिला त्याहून चांगलं काही सुचत होतं. तेही नव्हतं बिचारीकडे. मी समोरून तिचे डोळे बघत होतो, मला माहीत आहे. तिला फक्त एवढं कळायचं की हे नको. का नको, ते कळायचं नाही. हे फार वाईट दुखणं असतं, मित्रांनो. दात दुखतोय हे कळतंय, पण कुठला ते सापडत नाही, आणि तुम्ही सगळेच उपटत सुटता.

शेवटी साहेब तिच्या टेबलापाशी आले. हात माझ्या डोक्यावर ठेवला, पण लाडानं नव्हे.

"तुला नेमकं हवंय काय?"

"माहीत नाही, साहेब."

"मग खोडतेस कशाला?"

"हे नको आहे एवढं कळतं."

"नको नको म्हणून पान होत नसतं. तुझी काही पद्धतच नाही, हाच प्रॉब्लेम आहे." त्यांनी एक कागद टेबलावर टाकला. "हे ऑक्सिजन सिलिंडरवाल्या बाईंचं काम. साधं आहे. शुक्रवारी त्या स्वतः बघायला येतायत. तक्त्याप्रमाणे करायचं, खोडायचं नाही. पान आवडलं तर ठीक. नाही आवडलं तर सोमवारी येऊ नकोस."

ते गेल्यावर तिनं माझ्या काळ्या काठावर नख घासलं. बराच वेळ घासत राहिली.

ऑक्सिजन सिलिंडर म्हणजे काय ते सांगतो. काही माणसांची फुप्फुसं थकतात. त्यांना घरीच नाकाला नळी लावून ऑक्सिजन द्यावा लागतो. तो उंच लोखंडी सिलिंडरमध्ये भरून येतो. वर एक गोल घड्याळ असतं, त्यातला काटा खाली यायला लागला की समजायचं, संपत आलं. संपायच्या आत दुसरं आणायचं. मुलीला हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरी तिच्या बाबांना तीच नळी होती. जन्मभर कारखान्यात भुकटी चाळून त्यांची छाती भरली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग तर तिला हे पान लगेच सुचायला हवं होतं. मलाही तसंच वाटलं. पण भीती माणसाला आपल्या घरचंही विसरायला लावते. तिनं तक्ता पाळला. सुंदर पानं गोळा केली. साचा घेतला. आकाशी रंग घेतला. मोठा फोटो लावला, त्यात एक आजोबा बागेत नातवंडांच्या मागे पळतायत. ज्यांना ऑक्सिजन लागतो ते आजोबा खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोनदा टेकतात. पण फोटोतले पळत होते. फोटो आपोआप सरकायचा आणि दुसरे आजोबा यायचे, तेही हसरे. वर बारीक अक्षरांत 'आम्ही कोण', 'आमचा प्रवास', 'आमची मूल्यं', 'संपर्क'. झकासनं रंग सुचवला. "अक्षरं फिकट राखाडी घे, सोज्वळ दिसतं."

साहेब येऊन बघून गेले. "आता कसं! बघ, खोडलं नाही की होतं."

झकास म्हणाला, "झकास."

त्या ऑफिसात तिचं झालेलं ते पहिलं कौतुक. ती हसली नाही. पण त्या दिवशी तिनं खोडलंही नाही.

बुधवारची दुपार होती. लिफ्ट बंद होती. ती खाली चहाला गेली होती. एकाएकी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, दार भिंतीवर आपटलं आणि ती आत आली. चेहरा लाल, केस तोंडावर, फोन कानाला. फोन तिनं टेबलावर टाकला, आवाज मोठा केला आणि माऊस पकडला. फोनमधून तिच्या थोरल्या भावाचा आवाज येत होता, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"दादा, नीट सांग, काय झालं?"

"अगं, काटा पार खाली आलाय! बाबांचे ओठ निळे पडतायत. आपला सिलिंडरवाला फोन उचलत नाहीये. तुझ्याकडे त्या दुसऱ्या बाईंचं काम आहे ना? त्यांचा नंबर दे!"

"देते, देते, थांब."

नंबर तिच्याच पानावर होता. ते पान अजून बाहेर कुठे लागलं नव्हतं, फक्त माझ्यावर उघडत होतं. तिनं उघडलं. आजोबा बागेत पळायला लागले.

माऊसचा बाण त्या बारीक अक्षरांवर टिकेना. ती 'संपर्क' दाबायला गेली आणि दाबलं गेलं 'आमचा प्रवास'. त्यांच्या पहिल्या ट्रकचा फोटो आला. ती मागे गेली. फोटो सरकला, दुसरे आजोबा आले, हसले.

"अगं नंबर दे ना!"

"शोधतेय!"

"शोधतेयस काय? तूच बनवलंयस ना ते?"

त्या वाक्यानं ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या थांबल्या. झकासची पण.

अखेर 'संपर्क' उघडलं. आधी एक भलामोठा रकान्यांचा तक्ता. आपलं नाव. आपलं आडनाव. आपल्याला आमच्याबद्दल कसं कळलं? ती खाली खाली सरकत गेली, आणि तळाला, फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढा नंबर. फार सोज्वळ दिसत होता. तिनं डोळे बारीक करून, नाक माझ्या काचेला लावून तो वाचला. एक आकडा चुकला. पुन्हा वाचला. तिच्या श्वासाचं धुकं माझ्यावर जमलं, तिनं ते तळहातानं पुसलं आणि शेवटचे आकडे ओरडून सांगितले. फोन कट झाला.

मग ती वाट बघत उभी राहिली. मित्रांनो, मी जन्मभर माणसांचे चेहरे समोरून बघत आलोय. तसा चेहरा मी आधी बघितला नव्हता आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. साहेबही आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे होते. कोणी तिला पाणी दिलं, तिनं ते हातात तसंच धरून ठेवलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. "आलं. लावलं. रंग परत येतोय," दादा म्हणाला आणि तोही रडायला लागला.

ती टेबलासमोर जमिनीवर बसली. मला फक्त तिचा भांग दिसत होता. मग उठली, खुर्चीवर बसली आणि तिनं ते पान खोडलं. आजोबांसकट.

"अगं वेडी आहेस का?" झकास ओरडला. "साहेबांनी पास केलं होतं! शुक्रवारी बाई येतायत!"

"येऊ देत."

पण खोडल्यावर पुढे काय? पुन्हा तोच पांढरा चौकोन. ती शांत झाली, चेहरा धुऊन आली, आणि शांत झाल्याबरोबर पुन्हा गोड गोड सुचायला लागलं. इथे एक फूल. इथे एक हसरी नर्स. त्या एका मिनिटात तिला जे लख्ख दिसलं होतं, काय आहे आणि काय नाही, ते आता दिसेना. थंड डोक्याला ते दिसत नव्हतं. मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बघत होतो. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. एकदम उठली, दार उघडलं आणि जिना उतरून गेली. मला वाटलं, गेली. काम सोडून गेली.

पण पावलं पुन्हा वर आली. पळत. ती धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली, खुर्चीही ओढली नाही, आणि अर्धवट मांडलेल्या पानाकडे बघितलं. फूल दिसलं नाही तिला. म्हणजे फूल तिथेच होतं, पण तिचे डोळे त्याच्यावरून घसरून गेले. तिनं फूल काढलं. नर्स काढली. बसली, नंबर मोठा केला. पुन्हा खाली गेली, पुन्हा पळत वर. या वेळी नंबर दिसला, पण बटण दिसलं नाही. बटण जाड केलं. पुन्हा खाली.

छाती भात्यासारखी हलत असताना जे डोळ्याला सापडणार नाही, ते पानावर नाहीच असं धरायचं. आणि उगाच मध्ये येईल त्याला हाकलायचं. दिवसभर ती हेच करत होती.

"काय गं, वजन कमी करतेयस?" झकासनं विचारलं.

"पानाचं," ती म्हणाली आणि पुन्हा जिन्याकडे गेली.

शुक्रवारी सिलिंडरवाल्या बाई आल्या. जाड हातांच्या, कपड्यांना लोखंडाचा वास, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि नव्या सडपातळ पडद्यावर पान उघडायला गेले. मुलगी म्हणाली, "इकडे बघा, साहेब. ते याच्यावर बसवलंय." म्हणून सगळे माझ्याभोवती जमले. इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्याभोवती माणसं! पण मला अभिमान वाटायला वेळच नव्हता. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

माझ्यावर काय होतं? पांढरं पान. वर भला मोठा नंबर. खाली एक प्रश्न, 'आत्ता काय झालंय?' आणि तीन जाड बटणं. 'सिलिंडर संपलंय.' 'नळीतून हवा येत नाही.' 'नवीन सिलिंडर हवंय.' बस.

साहेबांचा चेहरा उतरला. "हे काय? फोटो कुठेय? हे पान आहे की पाटी?"

"साहेब, तुम्ही एकदा खाली जा आणि पळत वर या. मग बघा."

"मी?"

"हो."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

तेवढ्यात बाई बोलल्या. "जा की साहेब. माझे गुडघे गेलेत, नाहीतर मीच गेले असते. आमच्या कामासाठी एवढं तर कराल!"

गिऱ्हाईक म्हणतंय म्हटल्यावर साहेबांना जावं लागलं. ते परत वर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडानं श्वास चालला होता. बाईंनी त्यांना टेकू दिलं नाही. पाठीमागून एकदम ओरडल्या, "आई निळी पडतेय! सिलिंडर संपलं! लवकर करा!"

साहेब माझ्यावर झडप घालावी तसे आले. माऊस धरला. आणि दाबलं 'नवीन सिलिंडर हवंय.'

ते बटण पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी होतं. रकाने उघडले. रुग्णाचं नाव. वय. डॉक्टरांचं नाव.

"हे काय विचारतंय हे? आई मरतेय इकडे!" साहेब खरंच ओरडले आणि त्यांनी माझ्या कानशिलात एक ठेवून दिली. मग भानावर आले. घाम पुसला. "बघितलंत ना, बाई? नाही चालत. मी काय म्हणत होतो... आपण दुसरं बनवून देऊ तुम्हाला. व्यवस्थित, फोटो वगैरे लावून. आणि तू," ते मुलीकडे वळले, "तुझं सोमवारचं तुला माहीत आहे."

संपलं, मला वाटलं. पण ती ऐकतच नव्हती. तिनं खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली, आणि मित्रांनो, ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"साहेब, तुम्ही हेच का दाबलंत?"

"का म्हणजे? सिलिंडर हवं होतं म्हणून!"

"पण संपलंय असं वेगळं बटण होतं."

"ते कोण वाचत बसतंय! मला सिलिंडर हवंय, ते दिसलं, ते दाबलं!"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "मला फोनवर कोणी सांगत नाही काय झालंय. आधी ओरडतात, पाठवा पाठवा. काय झालंय ते मलाच विचारावं लागतं."

मुलगी टेबलावर बोट आपटत म्हणाली, "घाबरलेला माणूस काय झालं ते सांगत नाही. काय हवं ते मागतो. मी प्रश्नच उलटा विचारला."

खोडरबर होती ना ती? मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता जाणार सगळं. पण तिनं काही खोडलं नाही. फक्त प्रश्न काढला. पहिल्या बटणावर लिहिलं, 'सिलिंडर पाठवा, आत्ता.' नोंदणीचं बटण लहान करून पार तळाला ढकललं, त्यावर लिहिलं, 'पहिल्यांदाच घेताय?' चहा निवायच्या आत झालं. कुठला दात ते सापडलं होतं, एवढंच. आधी ती अख्खा जबडा उपटायची, कारण दुखणं नेमकं कुठे आहे हे दाखवणारं कोणी नव्हतं. ते तिचं तिलाही शांत बसून दिसत नव्हतं. कोणीतरी धापा टाकत येऊन चुकायला हवं होतं.

"पुन्हा जा," ती साहेबांना म्हणाली.

"आता मी नाही!" साहेबांनी झकासकडे बोट केलं. "तू जा."

झकास गेला. वर आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाई पुन्हा ओरडल्या. त्यानं बटण दाबलं, एका झटक्यात. मग खाली बसला आणि इतकंच म्हणाला, "पाणी."

बाईंनी चष्मा उतरवला. "हे कधी लावताय?"

सोमवारी ती आली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण साहेब लोक गोष्ट संपू देत नाहीत. त्यांनी भिंतीवरचा जुना तक्ता काढला आणि नवा लावला. पान करण्याआधी प्रत्येकानं जिना पळत चढावा. झाली नवी पद्धत! त्या आठवड्यात दिव्यांच्या एका दुकानाचं काम आलं होतं. अख्खं ऑफिस धापा टाकत वर-खाली करत होतं, आणि झकासनं जे पान केलं त्यात वर मोठा नंबर होता आणि खाली जाड लाल बटण. 'दिवा पाठवा, आत्ता.' हसू नका. साहेबांनी ते पास केलं होतं.

मुलगी त्यांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, तो तक्ता काढा."

"का? तुझीच पद्धत आहे ती!"

"जिना माझी पद्धत नाही. जिना सिलिंडरच्या पानाचा. दिव्यांच्या दुकानात कोण धापा टाकत येतं?"

"मग दिव्यांना काय करायचं?"

"मी काल घरी अंधारात बसले होते. कुठे उजेड नाही म्हणून अडतं ते बघत."

"आणि उद्या बुटांचं काम आलं तर? अनवाणी येशील?"

"हो."

"परवा?"

"परवाचं परवा. जे पानावर येणार असतात त्यांच्यासारखं आधी व्हायचं आणि मग चुका शोधायच्या. ते भिंतीवर लावता येत नाही, साहेब. झकासनं त्याचं त्याला शोधावं. त्याला धावून काही दिसत नाही, नुसता घाम येतो."

"ते खरंय," झकास पलीकडून म्हणाला.

साहेबांनी तक्ता काढला नाही. पण तिला पुन्हा कधी त्याच्याखाली उभंही केलं नाही. एवढं जिंकलं तरी खूप झालं, असं ती म्हणायची. मला ते खूप वाटत नाही. माणसाला स्वतःची रीत सापडायला इतकं झगडावं लागतं, आणि सापडली की लोक तिचा तक्ता करून दुसऱ्यांच्या गळ्यात बांधतात. जाऊ द्या.

पुढे सगळ्यांनाच सडपातळ पडदे आले. मला भंगाराच्या ढिगावर ठेवलं, वर तुटकी खुर्ची. ती म्हणाली, "हा मी नेऊ?" साहेब म्हणाले, "तो? कशाला?" तिनं माझी वायर गुंडाळली.

आता मी तिच्या घरी असतो, बाबांच्या खाटेसमोरच्या टेबलावर. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी ती माझ्यावर काम करते. ते ऑक्सिजनचं पान कधीच बाहेर लागलंय, लोक ते वापरतात, तरी ती त्यात काहीतरी बदलत असते. बाबांची नोंदही आता त्याच बाईंकडे आहे. बाबांनी मला कधी हात लावला नव्हता. नळी नाकात, हात छातीवर, ते नुसता माझा उजेड बघत पडून राहायचे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. भर दुपार. दादा कामावर, ही कुठल्याशा भेटीला बाहेर. दार नुसतं लोटलेलं. सिलिंडरमधला फुसफुस आवाज बारीक होत गेला तो मला आधी ऐकू आला. मग बाबा उठून बसले. काट्याकडे बघितलं. उशाचा फोन घेतला, सिलिंडरवाल्या बाईंचा नंबर लावला. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं. बाबांनी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. श्वासच नव्हता तर शब्द कुठून येणार? इतका मोठा नंबर, आणि त्याचा काही उपयोग नाही! पलीकडच्यानं फोन ठेवला.

बाबांनी खाटेचा कठडा धरला. नळी ओढत, टेबल धरत, माझ्यापर्यंत आले. पान उघडंच होतं. त्यांचा हात माऊसवर पडला तेव्हा बाण माझ्यावर सैरावैरा पळाला. मी काही करू शकत नव्हतो. मी तोंड आहे फक्त, मला हात नाहीत. जेवढा उजेड उरलाय तेवढा धरून राहिलो.

बाण बटणावर आला. घसरला. पुन्हा आला. बाबांनी दाबलं.

'पत्ता तोच?' 'हो.' 'नाही.'

बाबांनी 'हो' दाबलं. माझ्यावर अक्षरं उमटली, 'निघालोय.' बाबा तिच्या खुर्चीत बसले आणि त्या अक्षरांकडे बघत राहिले. एक एक श्वास विहिरीतून ओढल्यासारखा. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग जिन्यावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि सिलिंडरवाला माणूस खांद्यावर सिलिंडर घेऊन आत आला.

ती आली तेव्हा नवं सिलिंडर लागलेलं होतं. तिनं पिशवी तशीच खाली टाकली.

"बाबा! कोणी फोन केला?"

"फोन कुठला," बाबा हळूहळू म्हणाले. "बोलता येत होतं का मला?"

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, मला दिसत होतं. पण तिनं खुर्ची ओढली, बाबांच्या जवळ बसली आणि विचारलं, "बाबा, कुठे अडलात?"

बाबांनी विचार केला. "ते 'हो'च्या शेजारचं 'नाही' फार जवळ आहे गं. बोट थरथरतं. तिकडे गेलं असतं तर?"

ती वळली आणि माझ्यावर ते 'नाही' लांब सरकवायला लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, कोरड्या कपड्यानं पुसा, हे मी सांगणारच होतो. तेवढा हक्क माझा आहे. पण त्याहून मोठं एक सांगतो. तुम्ही मोठे झाल्यावर काहीतरी बनवाल. पान बनवाल, खिडकी, औषधाच्या बाटलीचं झाकण. ते बनवताना तुम्ही आरामात बसलेले असाल, पोट भरलेलं असेल, वर पंखा चालू असेल. ज्याला ते लागणार आहे तो तसा नसेल. तो येईल तेव्हा त्याच्याकडे श्वास नसेल. त्याचं कसं होईल ते शोधायची तुमची रीत तुम्हीच शोधा, कोणी शिकवायची वाट बघू नका आणि कोणी हसलं तर हसू द्या. आणि शोधून झाली तरी त्याला विचारायचं सोडू नका, कुठे अडलात म्हणून.